चालान भरण्याआधी ते वाचायचं कसं?

नागपुरात चालान दोन वाटांनी येतं. चौकात हवालदार मशीन पुढे करून गाडीचा फोटो काढतो, ती एक वाट. दुसरी म्हणजे व्हेरायटी चौकात पिवळा दिवा लाल होता होता गाडी दामटली, विसरूनही गेलो आणि काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज टपकला. दोन्ही वेळी तोंडातून पहिला प्रश्न निघतो, “किती?” खरं तर आधी विचारायला हवं, “कोणतं कलम?” लायसन राहणार की तीन महिने जाणार, कोर्टाची पायरी चढावी लागणार का, पुढच्या वेळी जास्त बसणार का, हे रकमेवरून कळत नाही. ते कलमावरून कळतं.

आधी मेसेज खरा आहे का ते पाहा

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चालान’ अशा नावाची एपीके फाइल आली असेल तर ती उघडू नका. सरकार चालान एपीके फाइलमधून पाठवत नाही. ती फाइल फोनमध्ये बसवली की ओटीपी आणि बँकेचे मेसेज दुसऱ्याच्या हाती जातात. मेसेजमधल्या लिंकवरही बोट ठेवू नका. महाट्रॅफिकचं, म्हणजे राज्याच्या वाहतूक पोलिसांचं, अधिकृत पोर्टल स्वतः शोधून उघडा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे बघा. नाहीतर अधिकृत ॲप वापरा. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीवरची सगळी चालानं दिसतात. हे चार आकडे आरसी बुकावर असतात.

चालानासोबतचा फोटो मोठा करून पाहा. नंबर तुमचाच आहे का? एमएच ३१, एमएच ४० आणि एमएच ४९ हे तिन्ही कोड नागपूरचेच. शहर, ग्रामीण आणि पूर्व नागपूर अशा तीन कार्यालयांचे. फोटोत ४० चा ४९ दिसायला मळलेली पाटी पुरेशी असते. गाडीचा रंग, मॉडेल, ठिकाण आणि वेळ हेही ताडून बघा. मोपेडच्या मालकाला बुलेटचं चालान आलं असेल तर पुढचा अर्धा लेख वाचायची गरज नाही, सरळ हरकतीच्या भागाकडे जा.

दोन आकडे आणि मधली तिरपी रेघ

चालानावर ‘१२९/१९४ ड’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा तुमचं कर्तव्य सांगतो, दुसरा ते मोडल्याची शिक्षा. १२९ म्हणतं, दुचाकीवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाने हेल्मेट घालावं. १९४ ड म्हणतं, नाही घातलं तर काय होईल. ही जोडी एकदा डोक्यात बसली की बहुतेक चालानं स्वतःच वाचता येतात. नेहमी दिसणाऱ्या जोड्या या:

३/१८१: लायसन नसताना गाडी चालवणं.
५/१८०: लायसन नसलेल्याच्या हाती गाडी देणं. हे चालवणाऱ्याला नाही, मालकाला लागतं.
११२/१८३: वेगमर्यादा ओलांडणं.
११९/१७७: वाहतुकीचं चिन्ह किंवा सिग्नल न पाळणं.
१२२/१७७: रस्त्यात अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी उभी करणं. इतवारी-गांधीबागेत जाणाऱ्यांना हे पाठ असेल.
१२८/१९४ क: ट्रिपल सीट.
१४६/१९६: विमा नसणं.

जोडीतला पहिला आकडा ५०, १०० किंवा १३८ असेल आणि पुढे ‘नियम’ लिहिलं असेल तर ते कायद्याचं कलम नसून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम असतो. नियम ५० नंबरप्लेटचा, १०० काचेवरच्या काळ्या फिल्मचा, १३८ मध्ये सीटबेल्ट. मूळ कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. संसदेने तो २०१९ मध्ये बराच कडक केला आणि महाराष्ट्रात वाढीव रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. गल्लीतले जाणकार अजून शंभर-दोनशेचा हिशोब सांगतात, तो त्याआधीचा.

तडजोड शुल्क म्हणजे काय, आणि भरल्यावर नक्की काय संपतं

आपण बोलताना ‘दंड’ म्हणतो. चौकात किंवा ॲपवर भरतो ती रक्कम मात्र कायद्याच्या भाषेत दंड नसते, तडजोड शुल्क असतं. दंड न्यायालय ठोठावतं, तोही गुन्हा शाबित झाल्यावर. कलम २०० म्हणतं की ठराविक गुन्ह्यांत राज्य सरकारने ठरवलेली रक्कम भरली तर खटला न चालवता प्रकरण मिटवता येतं. म्हणून एकाच गोष्टीच्या दोन रकमा कानावर येतात. हेल्मेटसाठी कायद्यात १००० रुपये दंड लिहिला आहे, महाराष्ट्रात तडजोड शुल्क ५०० आहे. यात कोणी फसवत नाही.

तडजोड केली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही, इथवर सगळ्यांना माहीत असतं. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन शेपट्या जोडल्या, त्या फारशा कोणी सांगत नाही. पहिली अशी की तडजोड झालेला गुन्हा ‘पूर्वी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. म्हणजे तेच पुन्हा केलं तर तुम्ही पहिलटकर नसता, ‘दुसरा व त्यानंतरचा अपराध’ या रकान्यात जाता. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडलात तर २००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४०००. चौकात “पहिल्यांदाच आहे ना साहेब, सोडा ना” म्हणणाऱ्याचं खरं-खोटं मशीनमध्ये नोंदलेलं असतं. दुसरी शेपटी लायसनची. पैसे भरल्याने लायसनवरची कारवाई, वाहनचालक उजळणी प्रशिक्षण किंवा सामुदायिक सेवा यातून सुटका होत नाही.

म्हणून आपली चूक नाही असं खरंच वाटत असेल तर “जाऊ दे, पाचशेच तर आहेत” म्हणून भरून टाकू नका. चूक असेल तर मात्र भरा आणि पावती जपून ठेवा.

कोणते गुन्हे तडजोडयोग्य नाहीत, हेही माहीत हवं. दारू पिऊन गाडी चालवणं, कलम १८५, त्यात तडजोड नाही. प्रकरण कोर्टातच जातं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल ही मर्यादा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. फुंकायला नकार दिला म्हणून सुटका होत नाही. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालयात तुमच्याविरुद्ध वापरता येतो, हे कलम २०५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

कलम १८४ म्हणजे धोकादायक वाहन चालवणं. २०१९ पासून सिग्नल तोडणं, उलट दिशेने गाडी घालणं आणि हातात मोबाइल धरणं ही त्यातली उदाहरणं म्हणून थेट कायद्यात आली. यातलं फक्त मोबाइलचं प्रकरण तडजोडीने मिटतं. म्हणजे सिग्नल तोडल्याचं चालान ११९/१७७ खाली आलं तर पैसे भरून विषय संपतो, १८४ खाली आलं तर तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाऊ शकतो. कृती तीच, कागद वेगळा. “फक्त पन्नास मीटर राँग साइड” असं म्हणत मेडिकल चौकाकडून उलट निघणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

बरं, नियम मोडणारा स्वतःच वर्दीत असेल तर? कलम २१०-ब नुसार, ज्याच्याकडे कायदा राबवण्याचा अधिकार आहे त्यानेच तो मोडला तर शिक्षा दुप्पट. तरतूद सुंदर आहे. तिचा वापर किती होतो ते रस्त्यावर उभं राहून आपापलं बघावं.

चालान कोणाच्या नावावर: मालक की चालक?

कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, तोंड दिसतंच असं नाही. म्हणून कॅमेऱ्याचं चालान नोंदणीकृत मालकाच्या नावावर निघतं. गाडी भाच्याने नेली असेल तरी मेसेज मामाला. कलम १३३ खाली पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी कोण चालवत होतं याची माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे. माहिती द्यायची असेल तर लेखी द्या, चालकाच्या लायसनची प्रत जोडा.

सगळ्यात जास्त घोळ विकलेल्या गाड्यांचा. पद्धत ठरलेली. जुनी गाडी विकली, फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या केल्या, पैसे घेतले, किल्ली दिली. घेणारा म्हणतो, “काका, नाव करून घेतो पंधरा दिवसांत.” तो ते करत नाही. वर्षभराने मानेवाड्यातल्या काकांना कामठी रोडवरच्या ट्रिपल सीटचं चालान येतं. काकांच्या लेखी गाडी गेली, कायद्याच्या लेखी नाही. कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. अशा प्रकारात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठामपणे सांगितलं आहे. चालान त्यापुढे किरकोळच. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतरणाची माहिती आरटीओला द्यायची असते. ती स्वतः द्या, ग्राहकावर सोडू नका. विक्रीची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती आणि घेणाऱ्याचं ओळखपत्र एवढं घेतल्याशिवाय किल्ली सोडू नका.

मुलांच्या हाती गाडी देणाऱ्या आई-वडिलांसाठी कलम १९९-अ वेगळं आहे. ट्यूशनला स्कूटर नेणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. तडजोडीच्या यादीत हे कलम नाही.

लायसनबद्दलचे चार शब्द

आरटीओच्या कागदात लायसनला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात आणि ‘परवाना’ म्हणजे परमिट, ऑटो-ट्रक-बसचं. खाजगी गाडीवाल्याला ‘परवाना’ लिहिलेली नोटीस आली की तो उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त होतो.

जप्त: पोलिसाने तुमचं लायसन ताब्यात घेतलं. कलम २०६ प्रमाणे त्याने तात्पुरती पोच दिलीच पाहिजे आणि त्या पोचेवर, तिच्यावर तारीख असेल तर त्या तारखेपर्यंत, गाडी चालवता येते. पोच न मागता निघून येणं हा शुद्ध वेडेपणा.

निलंबित: ठराविक काळापुरतं बंद. हेल्मेट नसणं आणि ट्रिपल सीट या दोन्हींत रकमेसोबत तीन महिन्यांची अपात्रता कायद्यात लिहिलेली आहे. चालान भरून मोकळे झालेल्यांना पुढे आरटीओची नोटीस आली की धक्का बसतो, तो यामुळेच.

अपात्र: त्या काळात तुम्ही लायसन बाळगायला किंवा नवं काढायला पात्र नाही. दुसऱ्या कार्यालयातून नवं काढून आणायची युक्ती इथे अडते.

रद्द: संपलं. पुन्हा पहिल्यापासून.

यातली निलंबन-अपात्रतेची कारवाई कलम १९ खाली अनुज्ञापन प्राधिकारी, म्हणजे आरटीओ करतं, वाहतूक पोलीस नाही. आदेशाआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तिला ‘कारणे दाखवा नोटीस’ म्हणतात. ती आली की गप्प बसू नका, लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. आदेश झाल्यावर अपिलाला ३० दिवस असतात. निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी आधी जखमीला पैसे देऊन मग ते तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते.

कागद दाखवण्याबद्दल एवढंच. गणवेशातल्या पोलिसाने मागितले तर दाखवावेच लागतात, पण डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधली प्रत चालते. गॅलरीतला आरसीचा फोटो म्हणजे ती प्रत नव्हे.

गाडी उचलली, अटकावली की जप्त केली?

तिन्ही वेगळं. सिताबर्डीत नो-पार्किंगमधून टोइंगवाल्यांनी उचलली तर चालानाची रक्कम आणि टोइंगचा खर्च असे दोन हिशोब होतात, दोन्हींची पावती मागा. लायसन, नोंदणी किंवा परमिट नाही म्हणून कलम २०७ खाली गाडी ‘अटकावून’ ठेवली असेल तर कागद सादर करून अर्ज दिल्यावर ती सुटते. अपघाताच्या किंवा इतर फौजदारी गुन्ह्यात गाडी जप्त झाली तर ती ‘मुद्देमाल’ होते. ती ठाण्यातून मागून मिळत नाही, सिव्हिल लाइन्समधल्या न्यायालयात अर्ज करून ‘सुपुर्दनाम्यावर’ घ्यावी लागते. सुपुर्दनामा म्हणजे गाडी हाती येते पण तुमच्या मर्जीची होत नाही. न्यायालय मागेल तेव्हा हजर करीन, विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, असं बंधपत्र द्यावं लागतं. आरसी, विमा आणि लायसनच्या प्रती तयार ठेवल्या तर वकिलाचा हेलपाटा वाचतो.

हरकत घ्यायची असेल तर

चालान हा आरोप आहे, शिक्षा नव्हे. पोर्टल आणि ॲपवर तक्रारीची सोय आहे. चालान क्रमांक, तुमचं म्हणणं चार ओळींत आणि पुरावा. चुकीच्या नंबरसाठी स्वतःच्या गाडीचा समोरून-मागून स्पष्ट फोटो आणि आरसी. गाडी त्या वेळी गॅरेजमध्ये होती तर तारीख-वेळ असलेलं बिल. “माझी चूक नव्हती” एवढं लिहून भागत नाही, आणि वाहतूक खात्याला शिव्या लिहूनही नाही. उत्तर आलं नाही तर तीच तक्रार कागदावर वाहतूक पोलीस उपायुक्त कार्यालयात द्या आणि आवक शिक्का मारून घ्या.

तक्रार फेटाळली आणि तुम्हाला ती मान्य नसेल तर तडजोड नाकारता येते. मग प्रकरण न्यायालयात जातं आणि समन्स येतं. समन्स म्हणजे न्यायालयाचा हजर राहण्याचा आदेश, तो चुकवायचा नसतो. वारंवार चुकवला तर वॉरंट निघतं. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय साधारणपणे सहा महिन्यांच्या आत घेतं, ही मुदतीची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. म्हणून जुनं चालान पोर्टलवरून आपोआप पुसलं जातं, असं मात्र समजू नका.

लोकअदालतीचा मेसेज

“आपले प्रकरण लोकअदालतीत ठेवले आहे” हा मेसेज वाचून घरात रडारड झाल्याचं मी पाहिलंय. तो समन्स नाही. तो ‘दाखलपूर्व प्रकरण’ या गटातला असतो, म्हणजे अजून खटलाच नाही. थकीत चालान सामोपचाराने मिटवायचं आमंत्रण म्हणा. राष्ट्रीय लोकअदालत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण भरवतं, त्यासाठी कोर्ट फी नसते. तिथे ठरलं ते अंतिम असतं, त्यावर अपील नाही. म्हणून मान्य नसेल तर सही करू नका. सरसकट निम्मी रक्कम माफ होते ही ऐकीव गोष्ट, तिच्या भरवशावर चालानं साठवत बसू नका.

अपघात झाला तर कानावर पडणारे शब्द

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या बातम्यांतलं २७९ आता २८१ झालं: हयगयीने, बेदरकारपणे गाडी चालवणं. ३०४-अ चं १०६(१) झालं: निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणं, पाच वर्षांपर्यंत कैद, जामीनपात्र. त्याहून जड कलम १०५, सदोष मनुष्यवध, ते अजामीनपात्र. जामीनपात्र म्हणजे जामीन हा हक्क, अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, तो न्यायालयाच्या विवेकावर. फेब्रुवारी २०२४ मधल्या नागपुरातल्या रामझुला पुलावरच्या अपघातात आधी जुनं ३०४-अ लागलं आणि नंतर सदोष मनुष्यवधाचं कलम वाढलं. सगळा शहरभर गाजलेला वाद याच दोन कलमांमधल्या अंतराचा होता.

जखमीला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत पोहोचवायला लोक कचरतात ते साक्षीपुराव्याच्या भीतीने. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४-अ ने ती भीती काढली आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तरी भरपाई मिळते. मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. ही मिळवायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं नसतं, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे ‘दावा चौकशी अधिकारी’ म्हणून करायचा. गाडी सापडली असेल तर मात्र दावा न्यायाधिकरणात, आणि कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याच्या प्रती आणि दवाखान्याची कागदपत्रं पहिल्याच आठवड्यात गोळा करायला लागा. तेराव्यानंतर बघू म्हणणारी घरं नेमकी पंचनाम्याच्या प्रतीसाठी अडून बसतात.